रात्रीचें दळण

माणसाच्या स्वभावाची खरी माहिती त्याच्या स्वतःपेक्षां त्याच्या घराच्या भिंतींना अधिक असते, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. आम्ही स्वतःस शांत वृत्तीचे गृहस्थ समजत आलों. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी शिकविलें. वर्गांत आवाज चढविल्याचें स्मरत नाहीं. सभेंत कोणी आमच्या मताची टर उडविली तर आम्ही चष्मा पुसतों. एस्. टी. डोळ्यांदेखत निघून गेली तर पुढच्या गाडीची वाट पाहत बांकावर बसतों. मित्रमंडळींत आमच्या या शांतपणाचा थोडा लौकिक आहे आणि, खरें सांगावयाचें तर, तो लौकिक आम्हीं जपलाहि आहे. असा हा मनुष्य रोज रात्रीं दिवा मालवल्यावर थोड्याच वेळानें करकरां दांत खातो, ही वार्ता आम्हांस वयाच्या छपन्नाव्या वर्षीं कळली.

ती कळण्याचा प्रकार असा. गेल्या पावसाळ्यांत आमच्या देवरूखच्या घरांत उंदीर शिरल्याची शंका निघाली. घर जुनें, जांभ्याच्या चिऱ्यांचें, वर कौलें आणि मधें फळ्यांचा माळा. आषाढांत शेतें पाण्यानें भरलीं म्हणजे उंदरांनीं घराचा आश्रय करावा यांत नवल नाहीं. लाकडी सापळा माळ्यावर चढला. त्यांत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा अडकविला गेला. आठ दिवस लोटले, खोबरें जसेंच्या तसें. आवाज मात्र चालूच. नवव्या रात्रीं सौभाग्यवतींनीं विजेरी घेऊन स्वतःच शोध करावयाचें ठरविलें, आणि आवाजाचा माग काढीत काढीत त्या ज्या ठिकाणीं येऊन पोंचल्या तें ठिकाण म्हणजे आमची उशी! सकाळीं चहाचा पेला पुढें ठेवीत त्यांनीं विचारिलें, “अहो, रात्रीं एवढें काय खातां? दिवसां तर भाकरीची कड सुद्धां टाकून देतां.”

आम्हीं अर्थातच आरोप नाकारला. झोंपेंतल्या वर्तनाविषयींचा आरोप मोठा विलक्षण असतो. आरोपीजवळ बचावाचा साक्षीदार नसतो, आणि कबूल करावें तर तेंहि ऐकीव माहितीवर. महिनाभर हा खटला तसाच पडून राहिला. पुढें गौरी-गणपतीसाठीं आमची कन्या मुंबईहून आली. तिनें आईची बाजू घेतली, एका रात्रीं आमच्या उशाशीं आपला मोबाईल ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशीं मोदकांची उकड निघत असतांना सर्वांसमक्ष तो पुरावा वाजवून दाखविला.

प्रथम पाऊस ऐकूं आला. मग एक जोराचें घोरणें. मग कांहीं क्षण अगदीं निःशब्द. आणि मग तो आवाज. कोरड्या पाट्यावर वरवंटा दाबून ओढावा, तसा. सगळीं हंसलीं. आम्हीहि हंसण्याचा प्रयत्न केला, पण हंसूं आलें नाहीं. कारण तो आवाज आमच्या ओळखीचा होता. तो आमचा नव्हता. तो आमच्या वडिलांचा होता.

आमचे वडील कचेरींत कारकून होते. आम्ही सातआठ वर्षांचे असूं. पावसाळ्यांत सर्व मुलें माजघरांत आजीजवळ निजत, वडील पडवींत. मधें एक लांकडी दार, तेंहि फुगून नीट न लागणारें. रात्रीं जाग आली कीं तिकडून हें दळण ऐकूं येई. आम्ही पांघरूण डोक्यावर ओढून घेत असूं. आमच्या धाकट्या बहिणीलाहि झोंपेंत दांत खाण्याची खोड होती. तिच्यासाठीं आजीचें निदान ठरलेलें होतें: जंत. मग वावडिंगाचा काढा आणि कपाळाला सोळजाईचा अंगारा. एकदां आम्हीं आजीला विचारिलें कीं, बाबांनाहि जंत झाले आहेत काय? आजीनें उत्तर दिलें नाहीं. नुसता आमच्या पाठीवर हात ठेवला. मुलानें दांत खाल्ले तर जंत. बापानें खाल्ले तर काय, याचा काढा त्या घरांत कोणाला ठाऊक नव्हता. कधीं कधीं मात्र दाराची कडी वाजे, आई पडवींत जाई, आणि आवाज थांबे. फटींतून एकदां आम्हीं पाहिलें: ती वडिलांच्या गालावर हाताचा तळवा ठेवून नुसती बसली होती.

वडील अठ्ठावन्नाव्या वर्षीं झोंपेंतच गेले. मार्गशीर्षांतली पहांट होती. समाचाराला आलेल्या प्रत्येकानें सांगितलें, पुण्यवान मनुष्य, कोणाला त्रास न देतां गेला. पुढें त्यांच्या ट्रंकेंत एक कागद निघाला. एका नातेवाइकाच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. नातेवाईक गांव सोडून गेला, आणि वडिलांनीं तें कर्ज नऊ वर्षें पगारांतून फेडलें. आईसहि तें माहीत नव्हतें. तो कागद वाचला त्या दिवशीं आम्ही मनाशीं म्हणालों: रात्रीं दळलें जात होतें तें हें.

पुस्तकी मनुष्यास दुखणें झालें कीं तो वैद्याकडे जाण्यापूर्वीं कपाटाकडे जातो. आम्हीहि तेंच केलें. आपल्या भाषेनें या बाबतींत आधींच निकाल देऊन ठेवलेला आहे. दांतओठ खाणें म्हणजे रागावणें. कीर्तनकाराचा भीम द्यूतसभेंत दुसरें कांहीं करीत नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत बाहेरच्या अंधारांत लोटलेले पापी जन दांत खातात. वाग्भटानें अष्टांगहृदयांत बालग्रहांच्या लक्षणांमध्यें ओठ व दांत चावणें हें सांगितलें आहे, म्हणजे तेथें हा व्याधि ग्रहबाधेच्या खात्यावर जमा. युरोपांतल्या वैद्यांचें लक्ष याकडे विसाव्या शतकाच्या आरंभीं गेलें. व्हिएन्नाच्या कारोली नांवाच्या दंतवैद्यानें १९०१ सालीं यावर लिहिलें. १९०७ सालीं मारी व पिएत्कीविच या दोघां फ्रेंच लेखकांनीं ‘दांत खाण्याचें वेड’ अशा अर्थाचें नांव दिलें, आणि त्यांतूनच पुढें ‘ब्रक्सिझम’ हा आजचा शब्द आला. वेड हा शब्द पाहून आम्हीं पुस्तक मिटलें.

राग, पाप, ग्रह, वेड! या चौघांपैकीं आमच्याकडे कोण वस्तीला आला होता? फार विचार करावा लागला नाहीं. त्याच वर्षीं चैत्रांत आमच्या चिरंजीवांनीं पुण्याहून पत्रवजा एक लांब निरोप पाठविला होता. त्यांत त्यांनीं सुचविलें होतें कीं, देवरूखच्या घराची डागडुजी दरवर्षीं करीत बसण्यांत अर्थ नाहीं. आमची निवृत्ति जवळ आली आहे. घर विकून आम्हीं उभयतांनीं पुण्यास त्यांच्याजवळ यावें. निरोप प्रेमाचा होता, हिशेब बिनचूक होता. आम्हीं एका शब्दांत उत्तर दिलें, “चालेल.” तें चालणार नव्हतें, हें आम्हीं कोणासच सांगितलें नाहीं. चष्मा पुसला. तेव्हां वडिलांचें कर्ज आणि आमचें हें ‘चालेल’ यांची सांगड आमच्या मनांत फारच सुबक बसली. वाङ्मयाच्या प्राध्यापकास यापरतें समाधान नाहीं. मनांत दाबलेलें रात्रीं दांतांतून बाहेर येतें, असा एक निबंधहि आम्हीं मनांत जुळवीत आणला होता.

तो निबंध रत्नागिरीस मोडला. दसऱ्यानंतर एका सकाळीं हातखंब्यावरून जाणाऱ्या एस्. टी.नें आम्ही उभयतां तेथें गेलों. तेथें दवाखाना चालविणाऱ्या दंतवैद्यबाई आमच्याच एका काळच्या विद्यार्थिनी. ज्या मुलीस आम्हीं एकदां “तोंड उघडून स्पष्ट वाच” म्हणून सांगितलें असेल, तिनें आम्हांस “सर, तोंड मोठें उघडा” असें सांगावें, यांत काळाचा एक प्रकारचा न्याय आहे.

त्यांनीं आरशांत आम्हांस आमचेच दांत दाखविले. सुळ्यांचीं टोकें कानशीनें घासल्यासारखीं सपाट झालीं होतीं. वरचें पांढरें कवच, जें मानवी शरीरांतला सर्वांत कठीण पदार्थ म्हणतात, तें दोन ठिकाणीं पार झिजून आंतला पिंवळसर भाग हळदीच्या ठिपक्यासारखा दिसत होता. हें कवच एकदां गेलें कीं पुन्हां येत नाहीं. हाडासारखें तें भरून निघत नाहीं. जिभेच्या कडेला दांतांच्या खुणा, गालांच्या आंतून एक पांढरी रेघ, आणि जबड्याच्या कोनावरचा स्नायु टणक व फुगलेला. फाल्गुनांत आमच्या एका दाढेचा कोपरा निघाला होता. त्याचा दोष आम्हीं पोह्यांतल्या खड्यास दिला होता. सकाळीं कानशिलें दुखत, म्हणून दोनदां चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. आतां हे सर्व निरपराध ठरले.

परंतु बाईंनीं एक गोष्ट बजावली. झीज ही मागल्या काळाची बखर आहे. आज मनुष्य दांत खातो कीं नाहीं हें तिच्यावरून सांगतां येत नाहीं. शिवाय आंबट पेयांनीं, पोटांतलें आम्ल वर येण्यानें, कडक ब्रशानेंहि दांत झिजतात. आम्हांस एकदम इनामगांवची आठवण झाली. पुणें जिल्ह्यांतल्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचें उत्खनन डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८२ पर्यंत केलें. तिथें सांपडलेल्या सांगाड्यांचे दांत लुकाक्स व वाळिंबे या विद्वानांनीं तपासले आहेत. दगडी पाट्यावर धान्य वाटणाऱ्या माणसाच्या पिठांत दगडाची कचहि जाते, आणि ती त्याचे दांत दळते. तीन हजार वर्षांपूर्वींचे ते शेतकरी काय खात हें त्यांच्या दांतांवरून समजतें. पण त्यांतला कोण रात्रीं काळजीनें दांत खात होता, तें कोण सांगणार? आम्ही हें बोललों तेव्हां बाई हंसून म्हणाल्या, “सर, तुमच्याकडे मॅडम आहेत, आणि मोबाईल आहे. इनामगांवपेक्षां तुमचा पुरावा चांगला आहे.”

निदानाच्याहि पायऱ्या असतात असें त्यांनीं सांगितलें. नुसतें मनुष्य सांगतो किंवा शेजारी निजणारें सांगतें, तेव्हां ती शक्यता. वैद्यास तोंडांत खुणा दिसल्या म्हणजे तो संभव. आणि निश्चिति हवी तर झोंपेच्या प्रयोगशाळेंत रात्रभर निजवून जबड्याच्या स्नायूंची, मेंदूची व श्वासाची नोंद घ्यावी लागते. कारणांविषयींहि मतें पालटलीं आहेत. १९६१ सालीं रॅमफ्योर्ड नांवाच्या संशोधकानें दांत एकमेकांवर नीट न बसणें हें कारण मानलें, आणि त्यानंतर कित्येक वर्षें वैद्यलोक रोग्यांचे उंच दांत घासून सारखे करीत असत. दांत घासणाऱ्याचे दांत घासून कमी करावयाचे! तें मत आतां मागें पडलें आहे. मूळ दांतांत नसून मेंदूंत आहे. गाढ निजलेल्या मनुष्याची झोंप रात्रींतून अनेकदां क्षणभर पातळ होते; तो जागा होत नाहीं, पण मेंदू चाळवतो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि शेवटीं जबडा हलूं लागतो. दांत हे या मिरवणुकींतले सर्वांत मागले वाजंत्री.

“म्हणजे काळजीनें होत नाहीं?” आम्हीं जरा हिरमुसून विचारिलें. आमचा निबंध डोळ्यांसमोर होता.

“काळजीनें वाढतें. चहा-कॉफीनें, सिगारेटीनें, दारूनेंहि वाढतें. मनाच्या विकारावरच्या कांहीं गोळ्यांनीं वाढतें. घराण्यांतहि असतें. पण सर, सगळ्याला काळजी म्हणूं नका. मोठ्या माणसांत शंभरांत आठ जण दांत खातात. लहान मुलांत प्रमाण याहून बरेंच जास्त, म्हाताऱ्यांत फार कमी. वय वाढतें तसें हें उतरावयाचें. तुमचें छपन्नाव्या वर्षीं चढतें आहे. मला हें आवडत नाहीं.” मग त्या सौभाग्यवतींकडे वळून म्हणाल्या, “मॅडम, सर घोरतात?”

या प्रश्नाचें उत्तर देतांना आमच्या पत्नीच्या मुद्रेवर जो उत्साह दिसला, तो आम्हीं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशींहि पाहिला नव्हता. घोरतात, मधेंच थांबतात, थांबले कीं भीति वाटते, मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात, आणि त्याच्या मागोमाग दांत. बाईंनीं आमचा रक्तदाब विचारिला. तो दोन वर्षांपासून गोळी घेऊनहि चढाच होता. दुपारीं वाचतांना डुलकी येते काय? येते, आम्ही ती लेखकांच्या नांवावर टाकीत आलों होतों.

आम्ही गेलों होतों तें रात्रीं दांतांवर बसवावयाचें एक झांकण करून घ्यावें म्हणून. बाईंनीं तें त्या दिवशीं दिलें नाहीं. झांकण दांत वांचवितें, खोड मोडीत नाहीं. आणि ज्याचा श्वास झोंपेंत कोंडतो अशा कांहीं लोकांत वरच्या दांतांचें झांकण तो श्वास आणखी कोंडतें, असें आढळलेलें आहे. तेव्हां आधीं झोंपेची तपासणी. ती घरींच झाली: बोटाला एक चिमटा, नाकाशीं नळी, छातीला पट्टा, अशा थाटांत आम्ही एक रात्र निजलों. अहवाल आला, त्यांत लिहिलें होतें कीं, आमचा श्वास ताशीं बावीस वेळां अडतो किंवा मंदावतो. पांचपर्यंत चालतें, पंधरापासून तीसपर्यंत तो मध्यम प्रतीचा रोग. उपचार केला नाहीं तर रक्तदाब, हृदय, पक्षाघात अशीं पुढचीं स्टेशनें.

तो कागद हातांत धरून आम्ही पडवींत बराच वेळ बसलों होतों. वडिलांच्या ट्रंकेंतला कागद आम्हांस पाठ होता. पण त्यांच्या घोरण्याची आठवण आम्हांस त्या दिवशींच झाली. दळण सुरू होण्यापूर्वीं पडवींतून मोठें घोरणें येई, मग तें तुटे, आणि त्या शांततेंत आम्ही पांघरुणाखालीं श्वास धरून असूं. अठ्ठावन्नावें वर्ष. कोणाला त्रास न देतां गेला. त्यांच्या काळीं देवरूखांत कोणी त्यांना घोरतां काय म्हणून विचारिलें नसतें. घोरणें हें सुखी माणसाचें लक्षण समजलें जाई. कदाचित् कर्जाचा आणि दांतांचा कांहींएक संबंध नसेल. कदाचित् असेलहि. वडिलांची तपासणी आतां होणें नाहीं. पण त्यांच्या मरणाला पुण्यवान म्हणणें त्या दिवसापासून आम्हांस जमलेलें नाहीं.

हवेच्या दाबाचें एक यंत्र आतां आमच्या उशाशीं असतें. नाकावर मुखवटा चढवून निजलेला मनुष्य दिसतो कसा, हें येथें लिहीत नाहीं. नातवानें आमचें नांव ‘हत्ती’ ठेविलें आहे. रक्तदाब उतरला आहे, सकाळचीं कानशिलें बरीच शांत आहेत. यंत्रानें प्रत्येकाचें दळण थांबतेंच असें नाहीं. आमचें पुष्कळ कमी झालें, पुरतें थांबलें नाहीं. म्हणून पुढें खालच्या दांतांचा ठसा घेऊन कडक प्लास्टिकचें झांकणहि केलें. पहिल्या आठवड्यांत तोंडांत लाळ सुटून बोबडें बोलावें लागलें, मग अंगवळणीं पडलें. जबड्याच्या स्नायूंत बोटुलिनची सुई देऊन त्यांचा जोर कमी करण्याचाहि एक उपाय आहे. बाई म्हणाल्या, तो तुम्हांला नको. संध्याकाळचा चहा मात्र गेला, आणि या सर्व प्रकरणांत आमचा खरा त्याग तेवढाच.

सर्वांत कठीण निघाला तो दिवसाचा नियम. ओठ मिटलेले, दांत सुटे, जीभ टाळ्याला सैल. ऐकावयास किती सोपें! निरोगी मनुष्याचे वरचे व खालचे दांत सबंध दिवसांत, जेवणखाण धरून, जेमतेम पंधरावीस मिनिटें एकमेकांस शिवतात. आम्हीं स्वतःवर पाळत ठेवली तेव्हां आढळलें कीं, उत्तरपत्रिका तपासतांना, बँकेंत रांगेंत, सभेंत चष्मा पुसतांना, आमचा जबडा मुठीसारखा आवळलेला असतो. बाईंच्या सांगण्यावरून आम्हीं लाल कागदाच्या लहान टिकल्या घड्याळावर, मेजावर, आरशावर चिकटविल्या. टिकली दिसली कीं दांत सोडावयाचे. आमचा सारा शांतपणा या टिकल्यांच्या हिशेबीं दांतांवर उभा होता, हें कळून येण्यास चार दिवस पुरले.

अशीच एक टिकली देवघराच्या चौकटीवर पाहून एका संध्याकाळीं आम्ही सौभाग्यवतींस म्हणालों, “घर विकूं नये असें आम्हांस वाटतें.”

“तें मला चैत्रांतच ठाऊक होतें,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ‘चालेल’ म्हणालांत तेव्हांच.” मग जरा थांबून म्हणाल्या, “लग्नाच्या पहिल्या वर्षीं एकदोनदां हाच आवाज ऐकला होता. सासूबाईंना विचारलें, तर म्हणाल्या, त्यांच्या घराण्यांतच आहे तें. बोलूं नकोस, गालावर हात ठेव, थांबतें. पुढें तो बंद झाला आणि मी विसरलें.” त्यावर उंदराचा सापळा कां लावला, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

परवां रविवारीं आम्हीं पुण्यास फोन लावला तो घराविषयीं स्पष्ट बोलण्याच्या निश्चयानें. पण चिरंजीवांनींच आधीं सांगितलें कीं, धाकटा नातू हल्लीं झोंपेंत दांत खातो, आणि त्याच्या आजोळहून वावडिंग आलें आहे. आम्हीं सांगितलें, जंतांचा आणि याचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाहीं. मुलांचें हें बहुधा वयाबरोबर जातें. मात्र तो घोरतो काय, तोंड उघडें टाकून निजतो काय, तेवढें रात्रीं उठून पाहा, आणि तसें असलें तर टॉन्सिल डॉक्टरांस दाखवा. मग आम्हीं सहज विचारिलें, “आणि तुमचें काय?”

“छे! मी कुठला!” ते हंसून म्हणाले. मागून सूनबाई कांहींतरी बोलल्या, तें आम्हांस नीट ऐकूं आलें नाहीं. आणि चिरंजीवांनीं लगेच विषय बदलून, घराचें काय ठरलें, तें विचारिलें.